मेणबत्तीत मेण आहे का?

मराठीत ‘मेण’ म्हटले की ते मुळात मधमाशीच्या पोळ्यातले. तमिळमध्ये मेणबत्तीला ‘मेळुगुवर्त्ती’ म्हणतात. मेळुगु म्हणजे मेण आणि वर्त्ती म्हणजे आपली वात. दोन्ही भाषांत नाव जुनेच राहिले, आतला पदार्थ मात्र बदलला. आज किराणा दुकानात मिळणारी साधी पांढरी मेणबत्ती बहुधा पॅराफिनची असते आणि पॅराफिन निघते खनिज तेलातून. चेन्नईच्या उत्तरेला मनाली येथील रिफायनरीत पेट्रोल-डिझेलबरोबर पॅराफिन मेणही तयार होते.

हा विषय घरगुती वाटला तरी या शहरात तो किरकोळ नाही. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले तेव्हा अनेक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँगच्या पावसातही तेच झाले. अशा वेळी घरातले चित्र ठरलेले असते. पावसामुळे खिडक्या बंद, डासांसाठी कॉइल पेटलेली, टेबलावर दोन-तीन मेणबत्त्या आणि त्याच खोलीत आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे. धूर तिथे कोंडतो आणि तोच सगळ्यांच्या छातीत जातो.

यावर बाजाराचे उत्तर तयार आहे. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेली, काचेच्या बरणीतली, लव्हेंडरच्या वासाची महाग मेणबत्ती घ्या. माझ्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे. घरातली हवा किती खराब होते हे मेणाच्या जातीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, मेणबत्ती कशी जळते यावर ठरते.

काजळी म्हणजे पूर्ण न जळलेला कार्बन. वात लांब असली की ती ज्योतीला झेपेल त्यापेक्षा जास्त मेण वर ओढते आणि उरलेले धूर होऊन निघते. वाऱ्याने ज्योत फडफडली तरी तेच होते. इन्व्हर्टरवर पंखा चालू आणि त्याच्याच खाली मेणबत्ती, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी भिंत काळी करण्याचा हमखास उपाय आहे. समईची काजळी झाडायची आणि दिवा फुंकरीने विझवायचा नाही, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते. पेटवण्याआधी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून कापावी. विझवताना फुंकर न मारता झाकण ठेवावे, म्हणजे खोलीत धुराचा लोट उठत नाही.

वात कशाची आहे हेही पाहावे. पूर्वी वात ताठ राहावी म्हणून काही मेणबत्त्यांत शिशाची तार घालत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असल्याने अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. वातीत तार दिसली तर तिचे टोक पांढऱ्या कागदावर घासून पाहावे. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर ती मेणबत्ती घरात पेटवू नये. सुती वात सर्वांत बरी.

सुगंधाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत सुगंधी मेणबत्ती नकोच. मेण सोयाबीनचे असले तरी त्यात मिसळलेली सुगंधी रसायने हवेत जातातच. खोलीतला कुबट वास घालवायचा असेल तर खिडकी उघडावी.

आता पर्यावरण. पॅराफिन जाळणे म्हणजे जमिनीखालचे तेलच जाळणे. पण त्याला पर्याय निवडताना आपले हवामानही पाहिले पाहिजे. सोयाबीनचे मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे मे महिन्यात चेन्नईच्या बंद घरात त्याची उभी मेणबत्ती मऊ पडून वाकते. ते बरणीतच बरे. पाम तेलाच्या मेणामागे आग्नेय आशियातल्या जंगलतोडीचा प्रश्न आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मधपेट्या ठेवणाऱ्या अशा गावांचे मेण विकत घेणे म्हणजे मधमाशीला आणि तिच्यासाठी राखलेल्या झाडांना हातभार लावणे. तांदळाच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना निघणारे मेण तर ७५ अंशांच्याही वर वितळते. भातगिरण्यांच्या या तमिळनाडूत त्याचा विचार व्हायला हवा.

हे सारे महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. मधमाशीचे मेण पॅराफिनच्या कितीतरी पट किमतीला मिळते. शिवाय पॅराफिनवर अनेकांची चूल पेटते. महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांनी, स्वतः दृष्टिहीन असताना, मेणबत्त्यांच्या धंद्यातून असंख्य दृष्टिहीनांना काम दिले. म्हणून पॅराफिनवर सरसकट बहिष्कार टाका असे मी म्हणणार नाही. कमी जाळा, नीट जाळा आणि जी घ्याल ती कोणी व कशापासून बनवली हे विचारून घ्या, एवढेच म्हणेन.

कमी जाळणे सर्वांत सोपे आहे. एक मेणबत्ती सुमारे १२ ल्यूमेन उजेड देते. १ वॅटचा साधा एलईडी त्याच्या कितीतरी पट देतो आणि त्याने पडद्याला आग लागत नाही. वादळाच्या दिवसांत प्रत्येक घरात चार्ज केलेला एलईडी दिवा हवा. मेणबत्ती वाढदिवसाला, प्रार्थनेला आणि मेसमधल्या समारंभी जेवणाला शोभते.

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींची नेमणूक पुढे बर्फातल्या चौक्यांवर होईल. तिथल्या बुखारीचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड मेणबत्तीपेक्षा कितीतरी घातक, पण नियम एकच. ज्योतीला हवा लागते आणि ती तीच हवा घेते जी आपण घेतो. बंद जागेत काय जळते आहे हे पाहण्याची सवय घरापासूनच लागलेली बरी.

शेवटी एक सूचना. अनेक युनिटांच्या कुटुंब कल्याण केंद्रांत दिवाळीआधी मेणबत्त्या बनवल्या जातात. यंदा त्यातल्या काही तरी सुती वातीच्या, बिनवासाच्या आणि पोळ्यातल्या खऱ्या मेणाच्या असाव्यात. शेजारी किंमत लिहावी आणि ती जास्त का आहे हेही लिहावे. पालक आनंदाने घेतील, असा माझा विश्वास आहे.