जुवाखाली पडलेला बैल

गळिताच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर एक दृश्य वारंवार दिसते. उसाने भरलेली टायरगाडी चढावर अडते, डांबरावर एका बैलाचे खूर घसरतात आणि तो गुडघे टेकतो. गाडीचा भार दांडीवाटे त्याच्या मानेवर येतो. चारपाच माणसांनी दांडी उचलून धरली आणि एकाने सापती सोडली, तर बैल मोकळा होतो. गाडीवान आणि त्याची बायको या दोघांना ते साधत नाही. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारसायकली वेग कमी करतात, क्षणभर घुटमळतात आणि निघून जातात.

या घुटमळण्याला निर्दयपणा म्हणणे सोपे आहे. पण निर्दय माणूस वेग कमीच कशाला करील? थांबू पाहणाऱ्याला शिंगांची भीती असते, कामाची घाई असते. त्याहून मोठा एक संकोच असतो. बैल दुसऱ्याचा, आणि तो दुसरा म्हणजे उचल घेऊन बीडकडून आलेला ऊसतोड मजूर. त्याच्या अडचणीत हात घातला, तर ती कोठवर पोचते हे पाहावे लागेल. म्हणून पुष्कळ जण चाबकाकडे बोट दाखवून सुटका करून घेतात.

चाबकाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पडलेल्या बैलाची शेपटी पिरगळणे हे क्रौर्यच होय. परंतु बैल सोडायला गाडीवानही कचरतो, आणि त्याचे कचरणे निराळ्या जातीचे आहे. मजुरी टनावर मिळते. खेप बुडाली की उचल फिटायची राहते आणि मुकादम दारात उभा राहतो. गुडघ्याची जखम त्याला वाटसरूपेक्षा अधिक कळते, कारण उद्या त्याच बैलाला जुंपायचे असते. थांबणे त्याला परवडत नाही, वाटसरूला परवडते.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपणे नको. ओझ्याची कमाल मर्यादाही त्यांत आहे. मूळ कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. सापडला तर तो भरणार गाडीवान! नियमाने गाडी हाकणाऱ्याची उचल किती हंगामांत फिटेल, याचा विचार मात्र त्या नियमांत नाही.

वास्तविक पुरावा शोधायला रस्त्यावर जाण्याचेही कारण नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर तोलली जाते आणि तिच्या वजनाची नोंद होते. मर्यादेबाहेर किती गाड्या भरल्या गेल्या, हे संचालक मंडळाला एका दुपारी काढता येईल. वार्षिक सभेत उतारा आणि दर यांवर तासन् तास बोलणाऱ्या सभासदांनी, त्यांतील कार्यकर्त्यांनी तर अगोदर, काट्याच्या या नोंदी मागवाव्यात. टनाचा दर गाडीवानाला कमी ओझ्यातही पोट भरता येईल एवढा असावा, ही मागणी त्याच सभेत करावी. आणि चढाच्या पायथ्याशी हंगामापुरती चार माणसे ठेवायला कारखान्याला कितीसा खर्च येणार आहे?