बोटीच्या मशीनची परीक्षा भारावरच घ्यावी

रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो. बैलाचा खरा दम कळतो तो भरल्या गाडीला, चढावर. हा हिशेब शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पुरासाठी ठेवलेल्या बोटीच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो. पावसाळ्याच्या तोंडावर मशीन पाण्याच्या पिंपात बुडवायचे, दोरी ओढायची, दोन मिनिटे आवाज ऐकायचा आणि कागदावर ‘सुस्थितीत’ असा शेरा मारायचा, अशी तपासणी पुष्कळदा होते. मशीन चालू झालं ना, मग झालं! पण आठ माणसे बसल्यावर, धारेला तोंड दिल्यावर तेच मशीन दम टाकते. तेव्हा शेरा कामाला येत नाही.

हडपसर, मांजरी, थेऊर या पट्ट्याला हा विषय परका नाही. खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुठेतून येते, पुण्यात संगमावर मुळेचे पाणी त्याला मिळते आणि मग सगळा लोंढा आपल्या काठाने भीमेकडे जातो. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आता जुन्या माणसांच्या आठवणीत राहिला. पण २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतून माणसे बोटीने बाहेर काढावी लागली. बोट ही फक्त कोकणातली वस्तू, हा समज आता सोडून द्यावा.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, हे त्या वेळी पुढे आले. मशीन कितीही चांगले असले तरी भाराचा हिशेब चुकला की काय होते, ते तिथे दिसले. म्हणून मशीन आणि भार यांचा विचार एकत्रच करायला हवा.

भारावर मशीन कमी पडले तर आधी कान द्यावा. आवाज खाली बसतो आहे की वर चढतो आहे, एवढे ओळखले की निम्मे काम झाले.

आवाज वर चढतो पण बोट पुढे सरकत नाही, असे असेल तर मशीनमध्ये ताकद आहे, ती पाण्याला लागत नाही. अशा वेळी पंख्याकडे पाहावे. पाते वाकले किंवा तुटले असेल, जलपर्णी, दोरी, प्लॅस्टिक गुंडाळले असेल, किंवा पंख्याच्या आतला रबरी बुश सुटून दांडा नुसताच फिरत असेल. मशीन फळीवर फार वर बसवले असले तरी पंखा हवा ओढतो आणि पकड सुटते. आपल्या नदीत जलपर्णी मुबलक. पुरात ती झुंडीने वाहत येते. पंख्याला हात लावण्यापूर्वी मशीन बंद करून सुरक्षेची दोरी काढून घ्यावी. यात हयगय नको.

आवाज खाली बसतो, मशीन गुदमरते, असे असेल तर पहिला संशय पेट्रोलवर घ्यावा. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला की टाकीत पोकळी होते आणि पाच-दहा मिनिटांनी पेट्रोल येईनासे होते. पिंपातल्या दोन मिनिटांत हा दोष कधीच दिसत नाही. पुढे नळीवरचा रबरी फुगा पाहावा. मशीन दबत असताना फुगा हाताने दाबला आणि मशीनने पुन्हा जोर धरला, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही हे नक्की. मग गाळणी, नळीचे जोड आणि पेट्रोल पंप क्रमाने तपासावेत. डिझेल इंजिनाने हवा धरली की काय होते ते आपण जाणतोच. इथेही सैल जोडातून हवा शिरते.

कार्बोरेटर असलेल्या मशीनमध्ये सावकाश चालण्याची आणि जोरात चालण्याची वाट वेगळी असते. मोठ्या जेटमध्ये कचरा बसला तर मशीन हळू छान चालते, दट्ट्या वाढवला की मरते. वर्षभर तसेच ठेवलेले पेट्रोल हे याचे मोठे कारण. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून सुटून तळाला बसते. टाकीची नळी नेमकी तळातून ओढते. म्हणून गेल्या वर्षीचे पेट्रोल यंदा वापरू नये. पॉवर स्प्रेचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला हे पटेल. टू-स्ट्रोक मशीनला तेलाचे प्रमाण पुस्तकाप्रमाणेच ठेवावे. ५० ला १ लिहिले असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली तेल, अंदाजाने नव्हे.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढून पाहावेत. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक प्लग मेला तरी रिकामी बोट चालते, भरलेली चालत नाही. त्यानंतर थंड करण्याचे पाणी. मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडायलाच हवी. धार बंद झाली तर मशीन ताबडतोब बंद करावे. फूटव्हॉल्व्हला कचरा अडकावा तसे इथल्या जाळीत गाळ आणि प्लॅस्टिक अडकते, किंवा आतला रबरी पंखा पडून पडून कडक झालेला असतो. काही मशीन तापल्यावर आपोआप वेग कमी करतात. त्याला बिघाड समजून दट्ट्या ओढत राहू नये.

एवढे सगळे ठीक आणि तरीही मशीन दबते? मग दोष भाराचा. बोटीत साचलेले पाणी, मागे दाटून बसलेली माणसे, सोबतचे सामान, सगळे त्याच मशीनला ओढायचे असते. बोटीवर लिहिलेला माणसांचा आकडा शोभेसाठी नसतो. एक फेरी जास्त झाली तर चालेल, एक माणूस जास्त नको.

आमचे म्हणणे साधे आहे. ज्या ज्या ग्रामपंचायतीकडे बोट आहे, तिने मे महिन्यात शांत पाण्यात भारावर चाचणी घ्यावी. माणसांऐवजी पाण्याचे कॅन ठेवावेत. २० लिटरचे ४ कॅन म्हणजे एक माणूस धरावा. चालवणारे दोघेच, अंगात लाइफ जॅकेट, काठावर दोर घेऊन माणसे उभी. चालवणारे धरून आकड्याइतका भार भरून १५ मिनिटे मशीन जोरात चालवावे. धार, आवाज आणि फुगा यांवर लक्ष ठेवावे. काय दिसले ते तारखेसह नोंदवहीत लिहून ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि चालवणारा यांनी सह्या कराव्यात.

यासाठी लागतात ते ताजे पेट्रोल, जोडीचे प्लग, एक गाळणी आणि एक सकाळ. बोटीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. अडचण पैशाची नसून जबाबदारीची आहे. बोट सगळ्या गावाची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत दोन नावे ठरवावीत: मशीन सांभाळणाऱ्याचे, आणि तो नसेल तेव्हा चालवणाऱ्याचे. दोघांनाही भरल्या बोटीचा सराव द्यावा. आणि पिंपातल्या चाचणीवर दिलेला ‘सुस्थितीत’ हा शेरा सरपंचांनी यापुढे मान्य करू नये.