कृतज्ञता हयातीतच पोहोचावी

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला जवान आज शंभरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक उतरले आणि त्यांपैकी ८७ हजारांच्या आसपास जणांनी प्राण वेचले. आफ्रिकेतील केरनच्या डोंगरांत, इटलीतील नद्यांच्या काठी आणि ब्रह्मदेशाच्या अरण्यात झुंजलेल्या त्या पिढीतील आता अगदी मोजके वृद्ध हयात आहेत.

स्वतंत्र भारताने या सैनिकांकडे काहीशा संकोचाने पाहिले. त्यांनी परकीय सत्तेच्या निशाणाखाली शस्त्र धरले होते, हे त्या संकोचाचे कारण. परंतु ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर आक्रमण झाले, तेव्हा श्रीनगरच्या रक्षणासाठी धावलेल्या सेनेत महायुद्धाच्या भट्टीतून तावूनसुलाखून निघालेले अधिकारी आणि जवान होते. नव्या राष्ट्राच्या सेनेचा पाया त्यांच्याच अनुभवावर रचला गेला. निशाण कोणाचे होते, या प्रश्नाने त्यांच्या शौर्याचे मोल उणे होत नाही.

संकोचापेक्षाही जाचक ठरला तो नियम. जवानाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा आवश्यक असते. महायुद्ध संपताच सेना घटवली गेली आणि चार-पाच वर्षे रणांगणावर काढलेले लक्षावधी तरुण निवृत्तिवेतनाविना गावी परतले. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना २००३ साली सुरू झाली; पण तीही मुख्यतः निवृत्तिवेतनधारकांसाठी होती. महायुद्धातील सैनिकांना तिचे दार उघडण्याचा निर्णय २०१९ साली झाला. तोवर त्यांतील सर्वांत तरुणही नव्वदीत पोहोचला होता. उशिरा मिळालेला न्याय कोणाच्या वाट्याला आला, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

निवृत्तिवेतन नसलेल्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक साहाय्य मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम ४ हजारांवरून ८ हजार रुपये झाली. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी अर्ज करावा लागतो, सेवामुक्तीची कागदपत्रे जोडावी लागतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवर एकट्या राहणाऱ्या, मुले मुंबई-पुण्यास गेलेल्या वृद्धेने हे कसे करावे? ज्यांना निवृत्तिवेतन मिळते, त्यांचीही वाट सोपी नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि शेतीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. आता चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो, पण ही सोय त्या घरापर्यंत नेणारा कोणी तरी हवा.

हे सारे शासनाचे काम, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. शासन योजना आखते. दार ठोठावून ‘आजोबा, तुमची कागदपत्रे दाखवा’ असे म्हणण्याचे काम शेजाऱ्याचे असते. प्रत्येक गावातील दोन तरुणांनी आपल्या परिसरातील वृद्ध सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी करावी, अर्ज भरून द्यावेत, औषधोपचाराला सोबत जावे आणि त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात. महायुद्धातील पिढीबाबत झालेला विलंब पुढच्यांच्या वाट्याला येऊ नये. १९६२ आणि १९६५ चे जवान ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. १९७१ च्या विजयातील तरुणांनीही सत्तरी ओलांडली आहे.

रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. दूरदेशीच्या त्या गावाला एका मराठी जवानाची आठवण जपाविशी वाटली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि अंतर्मुख करणारीही. स्मारकावर फुले वाहण्यास उद्याही सवड मिळेल. जिवंत सैनिकाच्या दारी जाण्याची सवड मात्र दर महिन्याला कमी होत चालली आहे.