वरून पाहणारी पुस्तके

महाविद्यालयीन ग्रंथालयांत विमानांची पुस्तके आणि साहित्याची पुस्तके सहसा एका कपाटात भेटत नाहीत. दशांश वर्गीकरणात ६२९ हा क्रमांक अभियांत्रिकीच्या कुळातला. प्रवासी विमाने, अग्निबाण, अंतराळयाने ही सारी मंडळी तेथे. साहित्याचा मुक्काम ८०० च्या पुढे. मधली कपाटे ओलांडून आपला विद्यार्थी तिकडे जात नाही, आणि त्याने जावे असे आपण शिक्षकांनीही त्याला कधी सांगितलेले नसते. ती ‘माहितीची’ पुस्तके, त्यांत वाङ्मयीन असे काय असणार, अशी आपली समजूत. ही समजूत आम्हांला चुकीची वाटते. कादंबरीच्या तासाला आपण निवेदकाचा दृष्टिबिंदू हा विषय तासन्‌तास शिकवतो. निवेदक कोठे उभा आहे, त्याला काय दिसते, काय दिसू शकत नाही आणि काय तो पाहत नाही, हे प्रश्न विचारायला शिकवतो. मग ज्या पुस्तकांचा निवेदक शब्दशः पंधरा-वीस हजार फुटांवर बसलेला आहे, तीच पुस्तके या प्रश्नांतून सुटावीत हे चमत्कारिक नव्हे काय?

आमचा स्वतःचा या पुस्तकांशी संबंध जुना आणि प्रेमाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळकरी वयात गुळगुळीत कागदावर छापलेले लढाऊ विमानांचे सचित्र पुस्तक हाती आले की आम्हांला जेवणाची शुद्ध राहत नसे. त्यातले आकडे पाठ असत. बी-२९ या अमेरिकी बाँबफेकी विमानाच्या पंखांचा विस्तार १४१ फूट ३ इंच. त्या तीन इंचांवर आमचा फार जीव होता. अचूकपणाचा जो आदर पुढे ग्रंथसूची करताना, पाठभेद तपासताना कामी आला, त्याचा पहिला संस्कार त्या तीन इंचांनी केला असे म्हटले तरी चालेल.

पण त्याच विमानांनी ९ आणि १० मार्च १९४५ च्या मधल्या रात्री टोकिओवर आगबाँब टाकले, तेव्हा किती माणसे मेली? पुस्तके सांगतात, सुमारे एक लाख. येथे इंच नाहीत. ब्रिटिश ‘बाँबर कमांड’चे दुसऱ्या महायुद्धातले मृत वैमानिक आणि त्यांचे सहकारी किती, याचे उत्तर मात्र ५५,५७३ असे एककापर्यंत मिळते. त्या माणसांची नोंद व्हावी हे उचितच आहे. सुमारे सव्वा लाखांतले एवढे तरुण परत आले नाहीत, ही गोष्ट लहान नाही. परंतु ज्या हांबुर्गवर जुलै १९४३ मध्ये ते गेले, तेथली संख्या पुन्हा ‘सुमारे’ने सुरू होते. यात प्रत्येक वेळी लेखकाचा दोष असतो असे नाही. माणसे आणि त्यांची नावे ज्यात लिहिलेली होती ती दप्तरे कित्येकदा एकाच आगीत जळाली. तथापि एकाच पानावर यंत्र इंचांत मोजले जाते आणि माणसे लाखांत, ही त्या गद्याची शैली आहे. शैली म्हणून ती वाचायला हवी.

वरून पाहिले म्हणजे असेच होणार, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही, आणि आमचा पहिला साक्षीदार फार जुना आहे. ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग आठवावा. लंकेहून परतताना पुष्पक विमानातून राम सीतेला खालची पृथ्वी दाखवतो. विमान खरे नाही, कल्पनेतले आहे. ते खरेच उडत होते असे सिद्ध करू पाहणाऱ्यांची आणि आमची वाट येथेच वेगळी होते. पाहणे मात्र अगदी खरे आहे. खाली समुद्र दिसतो आणि त्याला दुभागणारा सेतू. मग ती जागा, जेथे सीतेला शोधताना रामाला तिचे गळून पडलेले नूपुर सापडले होते. मग गोदावरी, जिच्यावरचे सारस पक्षी विमानाच्या दिशेने वर उडतात. आणि मग आपल्या नाशिकची पंचवटी, जेथे सीतेने आंब्याच्या रोपांना पाणी घातले होते. तेथली काळविटे माना वर करून पाहत आहेत. कालिदासाने उंची वापरली ती खालचे पुसून टाकण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी. शिवाय त्याच्या भूमीवरचे जीव वर पाहतात. आम्ही वाचलेल्या विमानविषयक ग्रंथांत खालून वर पाहणारे डोळे क्वचितच भेटले.

क्वचित भेटले, ते आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी याच्याकडे. ‘द लिटल प्रिन्स’चा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याचा खरा पेशा टपाल वाहून नेणाऱ्या वैमानिकाचा. १९३९ साली त्याचे जे पुस्तक इंग्रजीत ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या नावाने आले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री गियोमे या अनुभवी सहकाऱ्याकडे जातो. नकाशा पसरलेला आहे, वाट स्पेनवरून जाणार आहे. गियोमे त्याला शहरे आणि पर्वतरांगा सांगत बसत नाही. तो सांगतो ग्वादिक्सजवळच्या एका शेताच्या कडेची संत्र्याची तीन झाडे, गवताखाली लपलेला एक ओहोळ, डोंगरउतारावरच्या मेंढ्या आणि एका एकाकी घरातले शेतकरी दांपत्य. इंजिन बंद पडले तर याच गोष्टींशी गाठ पडायची असते, म्हणून त्या नकाशावर हव्यात. हे सारे व्यवहारातले शहाणपण आहे, त्यात भावुकता नाही. ज्याला खाली उतरावे लागण्याची भीती आहे त्याला खालचे माणूस दिसते. पुढे १९४२ च्या ‘फ्लाइट टू अरास’ मध्ये हाच लेखक युद्धातल्या टेहळणी विमानातून फ्रान्सचे रस्ते पाहतो, आणि त्या रस्त्यांवरून लोटलेले निर्वासितांचे लोंढे त्याच्या गद्यात शिरल्यावाचून राहत नाहीत. ३१ जुलै १९४४ रोजी तो अशाच एका टेहळणीवर गेला आणि परतला नाही. त्याच्या विमानाचे अवशेष मार्सेयजवळच्या समुद्रातून निघाले ते २००३ मध्ये.

आता या उलट टोकाचा एक मजकूर पाहू. तो पुस्तक नव्हे, एक पाटी आहे. हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे ‘एनोला गे’ हे बी-२९ विमान अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या ताब्यात आहे. १९९५ साली, पन्नास वर्षे पूर्ण होताना, संग्रहालयाने एक मोठे प्रदर्शन योजले होते. विमानाबरोबर हिरोशिमाहून आणलेल्या वस्तू मांडायच्या, बाँब टाकण्याच्या निर्णयाविषयीचा इतिहासकारांचा वादही मांडायचा. त्या वस्तूंत एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी संसदेतले सदस्य संतापले. प्रदर्शन मूळ रूपात रद्द झाले, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला आणि १९९६ मध्ये ‘ॲन एक्झिबिट डिनाइड’ हे पुस्तक लिहिले. डिसेंबर २००३ मध्ये डलस विमानतळाजवळच्या नव्या दालनात ते विमान अखंड, लखलखीत उभे राहिले. सोबतच्या पाटीवर विमानाची तांत्रिक थोरवी आणि हिरोशिमावर अण्वस्त्र टाकल्याचा उल्लेख होता. किती माणसे मेली हे नव्हते, आणि त्यावर इतिहासकारांनी जाहीर आक्षेपही घेतला. एवढ्या अवाढव्य विमानापुढे तो हातभर डबा मांडायची भीती वाटली, यातच मांडणीचे सामर्थ्य कोणाला किती कळते ते दिसते. आम्हांला तर त्या वादातले दोन्ही पक्ष साहित्याच्या पुष्कळ प्राध्यापकांपेक्षा चांगले वाचक वाटतात.

आपल्याकडेही असा मजकूर आहे, तो सरकारी कागदांत. जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, पंजाबातील गुजराँवाला येथे विमानांतून बाँब टाकले गेले आणि मशीनगन चालवली गेली. हंटर समितीपुढे वैमानिकाची साक्ष झाली. शेतात जमलेले लोक कोण आहेत हे वरून कसे ठरवले, हा प्रश्न त्या चौकशीत आला. निवेदकाच्या विश्वासार्हतेचा इतका उघड प्रश्न आम्ही कोणत्याही कादंबरीच्या परीक्षणात पाहिलेला नाही.

अंतराळाच्या पुस्तकांकडे वळताना मन थोडे सैल होते. तेथे बाँब नाहीत असे वाटते. परंतु या बहुतेक ग्रंथांची दुसरी-तिसरी प्रकरणे जर्मनीच्या व्ही-२ अग्निबाणावर असतात आणि तेथून कथा एका उडीत अमेरिकेत पोहोचते. त्या उडीखाली एक बोगदा आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये पेनेम्युंडच्या तळावर ब्रिटिशांचा हल्ला झाल्यावर व्ही-२ चे उत्पादन नोर्डहाउझेनजवळच्या डोंगराखालच्या बोगद्यांत हलवले गेले. मिटेलबाऊ-डोरा ही तेथली छळछावणी. सुमारे साठ हजार कैदी तिच्यातून आणि तिच्या उपछावण्यांतून गेले, सुमारे वीस हजार मेले. (पुन्हा ‘सुमारे’.) अग्निबाण ज्यांच्यावर पडला त्यांच्यापेक्षा तो ज्यांनी घडवला त्यांच्यात मेलेल्यांची संख्या अधिक आहे. वेर्नर फॉन ब्राउन यांचा या सगळ्याशी काय संबंध होता, हे मायकेल न्यूफेल्ड यांनी १९९५ च्या ‘द रॉकेट अँड द राइश’मध्ये आणि २००७ च्या चरित्रात कागदपत्रांनिशी मांडले आहे. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, झाँ मिशेल या फ्रेंच कैद्याची ‘डोरा’ ही आठवण प्रसिद्ध झाली होती.

आता ‘अग्निपंख’ उघडावे. डॉ. कलामांचे हे आत्मचरित्र मूळ इंग्रजीत १९९९ चे. माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे ते मराठी घराघरांत आहे. त्यात फॉन ब्राउन थुंब्याला येतात, कलाम मद्रासहून त्यांच्याबरोबर विमानाने जातात. एका तरुण अभियंत्याने एका दिग्गजाला भेटण्याचा तो प्रसंग सुंदर आहे, त्यातली नम्रता खरी आहे. व्ही-२ ने लंडनमध्ये केलेल्या विध्वंसाचा उल्लेखही तेथे आहे. बोगदे नाहीत. याबद्दल कलामांवर आरोपपत्र ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. विद्यार्थ्याने हा प्रसंग वाचताना दोन प्रवासी कोणत्या उंचीवर बसले आहेत आणि तेथून काय दिसत नाही, हे विचारावे एवढेच म्हणणे आहे. प्रेमचंदांना किंवा खांडेकरांना आपण हा प्रश्न विचारतो, तर सर्वाधिक वाचल्या गेलेल्या आत्मचरित्राला का विचारू नये?

आमच्या एका मित्राचा यावर आक्षेप असा, की तलवारींच्या कोशात मेलेल्यांची यादी कोणी मागत नाही. यंत्राचा इतिहास यंत्राचाच असू द्या. या आक्षेपात तथ्य आहे. स्पिटफायरच्या पंखाची लंबवर्तुळाकार रेषा सुंदर आहे, आणि ती सुंदर का आहे हे सांगणारे पुस्तक आम्ही आजही आनंदाने वाचू. कोश कोशासारखाच असावा. पण ही पुस्तके केवळ कोश राहत नाहीत. त्यांत नायक असतात, चढउतार असतात, विजयाचा शेवट असतो. कथेची सारी साधने वापरायची आणि जाब विचारला की कोशाच्या आडोशाला जायचे, हे बरे नव्हे.

स्वीडिश लेखक स्वेन लिंडक्विस्ट यांनी ‘अ हिस्टरी ऑफ बाँबिंग’मध्ये (इंग्रजीत २००१) यावर एक रचनेचाच उपाय शोधला. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटने लिबियावर हाताने पहिले बाँब टाकले, तेथपासूनचा हा इतिहास क्रमांकित तुकड्यांत आहे. त्यात शिरायला अनेक दारे आहेत, आणि प्रत्येक दारातून वाचकाला पाने पुढे-मागे उलटत आपली वाट शोधावी लागते. सगळे एका नजरेत वरून दिसावे अशी सोयच या पुस्तकात ठेवलेली नाही. वर्गात ते अवघड जाते, विद्यार्थी वैतागतात.

या सत्रात आम्ही तीन मजकूर एकत्र शिकवून पाहणार आहोत: ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग, गियोमेच्या नकाशाचे प्रकरण आणि ‘अग्निपंख’मधली फॉन ब्राउन यांची भेट. सोबत झाँ मिशेल यांच्या आठवणीतली काही पाने द्यायची आहेत. ते पुस्तक वर्गीकरणाप्रमाणे ९४० मध्ये, महायुद्धाच्या इतिहासात लागते. ६२९ पासून ते कपाट बरेच दूर आहे.