कोयनेची वीज आणि परदेशची विद्या

चिपळुणाहून कऱ्हाडाकडे जातांना कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं पोफळी नांवाचें गांव लागतें. तेथें डोंगराच्या पोटांत कोयनेचें वीजगृह आहे. कऱ्हाडाशीं कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर अडवावयाचें, बोगद्यांतून कोंकणांत सोडावयाचें आणि त्याच्या पडण्याच्या वेगानें जलचक्रें फिरवावयाचीं, ही या योजनेची मूळ कल्पना. १९६२ सालीं येथें वीज निर्माण होऊं लागली. आज योजनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. एवढी संपत्ति आपल्या दाराशीं असतां तिच्या भवितव्याविषयीं आपण उदासीन राहावें, हें उचित नव्हे.

यंत्र म्हटलें कीं तें झिजावयाचेंच. अशा वेळीं नवें धरण बांधण्यापेक्षां जुन्या वीजगृहाचें नूतनीकरण करणें श्रेयस्कर होय. जलचक्राचीं झिजलेलीं पातीं व जनित्राचीं जुनीं वेटोळीं बदललीं, तर तेवढ्याच पाण्यापासून अधिक वीज मिळूं शकते आणि एक गुंठाही नवी जमीन बुडत नाहीं. हें काम परराष्ट्रांच्या साह्यानें करावें कीं नाहीं? माझ्या मतें अवश्य करावें. मात्र तें साह्य शिष्यानें गुरूकडून घ्यावें तसें घ्यावें, ऋणकोनें सावकाराकडून घ्यावें तसें नव्हे.

कोयनेचाच इतिहास पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें व धरणासही तडे गेले. तेव्हां युनेस्कोनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं त्या भूकंपाचा अभ्यास केला. पुढें धरणास आधार देऊन तें बळकट करण्यांत आलें. जलाशय रिता न करतां तळाखालचा खडक फोडून पाणी बोगद्यांत घेण्याची युक्ति नॉर्वे देशांत विकसित झाली. ती आत्मसात करून १३ मार्च १९९९ रोजीं कोयनेंत प्रथम योजिली गेली, आणि २५ एप्रिल २०१२ रोजीं पुन्हा एकवार. घेतलेली विद्या अशी अंगीं मुरली, तरच ती आपली.

परंतु कांहीं ज्ञान कोणताही परदेशी तज्ज्ञ आपल्याबरोबर आणूं शकत नाहीं. शिवसागर जलाशयासाठीं ज्यांचीं घरें व शेतें गेलीं, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही पुरते सुटलेले नाहींत. जुलै २०२१ मध्यें वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूण बुडालें, तेव्हां कोळकेवाडी धरणांतून सुटलेल्या पाण्याविषयीं लोकांनीं प्रश्न विचारले. त्यांना केवळ मेगावॅटचे आंकडे दाखवून उत्तर होत नाहीं. म्हणून नूतनीकरणाच्या प्रत्येक करारांत तीन गोष्टी असाव्यात: येथील तरुण अभियंत्यांचें शिक्षण, नदीकांठच्या लोकांस वेळेवर पूर्वसूचना आणि विस्थापितांच्या राहिलेल्या हक्कांची पूर्ति. यांवांचून ‘शाश्वत’ हा शब्द पोकळ ठरेल.

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुमच्यापैकीं कोणी त्या वीजगृहांत काम करील. त्यानें जगांतून मिळेल तेवढी विद्या आणावी. पण ज्यांनीं अंधारांत घर सोडलें म्हणून आपल्या अभ्यासाच्या मेजावर दिवा लागला, त्यांस विसरूं नये. पालकांनींही मुलांस एकदां पोफळीचा रस्ता दाखवावा, आणि त्या पाण्याची सारी कथा सांगावी.