राजा नुसत्या तलवारीने होत नाही

बऱ्हाणपूरच्या उत्तरेचा असीरगड मुळात आसा अहीर नावाच्या गवळ्याचा, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. आसाकडे हजारो गुरे होती, पदरी माणसे होती. दुष्काळात त्याने धान्याची कोठारे उघडली, उपाशी गोंडांना काम देऊन गडाची तटबंदी बांधून घेतली. बळ, पैसा, लोकांचा दुवा, सगळे असूनही तो गवळ्यांचा पुढारीच राहिला. राजा झाला तो लळिंगचा नसीरखान फारुकी. त्याचा बाप मलिक राजा फिरोजशहा तुघलकाचा जहागीरदार, 1382 पासून स्वतंत्र. बायकामुलांना आसरा हवा म्हणून नसीरखानाने डोल्या गडावर पाठवल्या आणि त्यांतून सैनिक उतरले. स्वागताला आलेला आसा मुलांसह मारला गेला.

म्हणजे शेवटी तलवारच ना, असे कोणी म्हणेल. पण तलवार पुरती तर पुढचा खटाटोप कशासाठी? नसीरखानाने तापीकाठी बऱ्हाणपूर हे नवे शहर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. घराण्याचा वंश खलिफा उमरपर्यंत नेला. खान हा किताब गुजरातच्या सुलतानाकडून घेतला. इतकेच नव्हे, 1590 मध्ये बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आदिलशहा फारुकीने आपली वंशावळ संस्कृतात कोरून ठेवली. दोनशे वर्षे गादी भोगूनही! प्राचीन इस्राएलातही हेच दिसते. पलिष्ट्यांच्या माराने हैराण झालेल्या टोळ्यांनी राजा मागितला. तो तुमची पोरे लढाईला नेईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल, असे शमुवेल या संदेष्ट्याने बजावले. तरी शौलाला राजा करताना त्याच्या डोक्यावर तेल ओतले ते शमुवेलानेच. पुढे दावीद या मेंढपाळाने राजधानीसाठी यबूसी लोकांचे यरुशलेम घेतले, कारण ते कुठल्याच टोळीचे नव्हते. तिथे लोकांनी राजा मागितला, इथे कोणी मागितल्याची नोंद नाही. हा फरक मोठा आहे. पण संताचा हात दोन्हीकडे लागला.

फिरिश्ताने आसाची कथा दोनशे वर्षांनी लिहिली, डोल्यांची युक्ती तर अनेक किल्ल्यांच्या कथांत येते, हा आक्षेप रास्त आहे. डोल्या खोट्या मानल्या तरी शहराचे नाव आणि शिलालेख राहतातच. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. वंशावळीचा तो संस्कृत लेख मात्र मशिदीच्या भिंतीवर आजही आहे.