थंडीतील धाव आणि माघारीचा विवेक



सन १९२० मध्ये बेल्जममधील अँटवर्प नगरीत ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचा एक चिमुकला संघ तिकडे रवाना झाला. त्यात हुबळीचे कैकाडी होते, साताऱ्याचे दातार होते आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. आपले धारवाड व बेळगाव हे दोन्ही जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यातील मुले पाहून दोराबजींच्या मनात ही कल्पना रुजली होती. २२ ऑगस्ट रोजी मॅरॅथॉनची शर्यत झाली. महिना ऑगस्टचा खरा, परंतु हवा गारठ्याची होती आणि पाऊस पडत होता. ४२ किलोमीटर ७५० मीटरांचे ते अंतर चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले व एकोणिसावा क्रमांक मिळविला. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या देहाने परमुलखातील थंड पावसात एवढी मजल मारावी, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगण्याजोगी आहे.

तथापि थंडीतील धावेची दुसरीही एक बाजू आहे. मनुष्य धावत असतो तोवर त्याचे स्नायू भट्टीप्रमाणे उष्णता निर्माण करतात, म्हणून कडक थंडीतही त्याला घाम फुटतो. दगा होतो तो पुढे. शक्ती ओसरली की पाऊल मंदावते आणि आतील शेगडी विझू लागते. अंगावरील कपडे मात्र घामाने किंवा पावसाने भिजलेलेच असतात. कोरड्या हवेपेक्षा पाणी कितीतरी अधिक वेगाने देहाची ऊब ओढून नेते. त्यात वारा सुटला तर विचारावयासच नको. शरीराच्या आतील उष्णतामान ३५ अंश सेल्सियसच्या खाली उतरले की हातपाय बधिर होतात, जीभ अडखळते आणि बुद्धीला भ्रम पडतो. आपण संकटात आहो हे ज्याला कळावयास हवे, नेमके त्यालाच ते कळत नाही.

याचा दारुण प्रत्यय २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात आला. डोंगराळ मुलखातून शंभर किलोमीटर धावण्याची ती शर्यत होती. सकाळी १७२ स्पर्धक आखूड व पातळ कपड्यांनिशी निघाले. दुपारच्या सुमारास उंच चढणीवर एकाएकी गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांनी त्यांना गाठले. वारा अडविणारे जाकीट सोबत बाळगण्याची सक्ती आयोजकांनी केलेली नव्हती. एकवीस जण थंडीने गारठून मृत्यू पावले. त्यांत देशातील नामांकित धावपटूही होते. म्हणजे बळ आणि कीर्ती यांनी तेथे कोणाचेही रक्षण केले नाही.

त्याच डोंगरावर एक मेंढपाळ मेंढरे चारीत होता. वादळ उठताच तो आपल्या गुहेत शिरला. तेथे त्याने गोधड्या व सरपण ठेविलेले होते. बाहेर थरथरत उभा असलेला धावपटू दृष्टीस पडताच त्याने त्याला आत घेतले, विस्तव पेटविला आणि मग पुन्हा बाहेर पडून इतरांचा शोध केला. अशा रीतीने सहा जीव वाचले. ज्याला त्या शर्यतीशी काही कर्तव्य नव्हते, त्यानेच त्या दिवशी सर्वांत मोठी मजल मारली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याचा अर्थ थंडीत धावूच नये असा नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये लडाखच्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावरून, १३,८६२ फूट उंचीवर, २१ किलोमीटरांची शर्यत सुखरूप पार पडली. थंडी हा शत्रू नव्हे, गाफीलपणा हा शत्रू होय.

आपल्या गावांतील कित्येक तरुण सैन्यभरतीच्या व पोलीसभरतीच्या ओढीने पौष महिन्यातील पहाटेस रस्त्यावर धावतात. उद्या त्यांतील काहींना हिमप्रदेशातही जावे लागेल. मातापित्यांनी त्यांस एवढे अवश्य सांगावे: अंगावर एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. धाव संपताच घामेजलेला सदरा बदलावा. दूर जाणे असेल तर एकट्याने जाऊ नये. सोबती अडखळत बोलू लागला, तर त्याला आडोशास न्यावे, ओले कपडे उतरवून कोरड्या घोंगडीत लपेटावे आणि तो शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा पाजावा. दारूचा घोट मुळीच देऊ नये. तिने ऊब आल्याचा भास होतो, पण देहातील उष्णता उलट अधिकच निघून जाते. बेशुद्धी येऊ लागल्यास विनाविलंब इस्पितळ गाठावे.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनावर बिंबवावी. अर्ध्या वाटेवरून मागे फिरलेला मुलगा घरी आला, तर त्याला कोणी हिणवू नये. हिणवण्याच्या भयाने पुढे धावत राहिलेले पाऊल कधीकधी परत येत नाही. शर्यत पुढल्या वर्षीही असते. घरच्या चुलीपाशी त्याची वाट पाहणाऱ्यांना मात्र तो एकच असतो.